कर्जतचें कजर्त

गेल्या पावसाळ्यांत कर्जत व खालापूर या भागाच्या स्थानिक इतिहासावरील साठेक लेखांचा एक संग्रह आमच्या हातीं आला. हे लेख सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं संगणकावर जुळविलेले होते. त्यांपैकीं कांहींच्या छापील प्रती मिळतात, कांहींच्या मिळत नाहींत. फाईल उघडतांच पडद्यावर रोमन अक्षरें आणि विरामचिन्हें यांचा निरर्थक सडा पडलेला दिसला. एका जाणत्या विद्यार्थ्यानें आपल्याजवळील साधनानें तिचें रूपांतर करून दिलें, तेव्हां मराठी अक्षरें उमटलीं खरीं. परंतु ज्या तालुक्याविषयीं हे सारे लेख, त्याचेंच नांव पानोपानीं ‘कजर्त’ असें होऊन बसलें होतें. ‘पर्वता’चा ‘पवर्त’ झाला होता आणि ‘मार्ग’ ‘मागर्’ म्हणून पुढें आला होता. ‘खालापुरां’तील ‘ख’चा दंड कोठें कोठें अक्षरापासून सुटून एकटाच उभा होता.

आम्ही प्रथम हंसलों. पण विचार करूं लागतां असें ध्यानांत आलें कीं, कागद एका रूपांतून दुसऱ्या रूपांत नेण्याचा हा उद्योग आमच्या प्रांतांत आज सुरू झालेला नाहीं; तो निदान शंभर वर्षें चालला आहे, आणि प्रत्येक खेपेस कांहीं तरी सांडलें आहे. काय सांडलें हें जेथें लिहून ठेविलें गेलें तेथें तें पुन्हां गोळा करतां आलें. जेथें लिहून ठेविलें नाहीं तेथें चूक हीच मूळ म्हणून रूढ झाली. प्रस्तुत लेखांत ह्याच गोष्टीचा थोडा विचार करावयाचा आहे.

ह्या भागांतील लोकांस रूपांतराची कल्पना समजावून देण्यास फार दूर जावें लागत नाहीं. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आला आणि बोरघाटाच्या पायथ्याशीं थबकला. घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी १८५८ त सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंना पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून ओलांडावा लागे. १८६३ त घाटांतील मार्ग खुला झाला, तेव्हां हा खंड भरून निघाला. दुसरें उदाहरण नेरळचें. तेथून माथेरानास जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची. मोठ्या मार्गावर दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, माथेरानच्या मार्गावर तें अवघें ६१० मिलिमीटर. त्यामुळें नेरळास डबा पुढें जात नाहीं, उतारूनेंच खालीं उतरून दुसऱ्या डब्यांत बसावें लागतें. माल तोच, वाहन निराळें, असा हा प्रकार आहे. अशा ठिकाणीं जुने व्यापारी एक नियम कटाक्षानें पाळीत: उतरवितांना नग मोजावयाचे आणि चढवितांना पुन्हां मोजावयाचे. दोन्हीं टोंकांची मोजदाद नसेल तर माल कोठें गहाळ झाला ह्याचा पत्ता लागत नाहीं.

आमच्या कागदांचा पहिला मोठा घाट म्हणजे मोडीची बाळबोध होणें हा होय. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधलेलें तळें व महादेवाचें देऊळ अद्यापि आहे. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंची तहान त्या तळ्यानें भागविली. ज्या अधिकारपदावरून नानांस हें उपनांव पडलें, तें पद मुळांत दफ्तराच्या राखणीचें. त्या दफ्तराची लिपि मोडी. ओळीची शिरोरेघ आधीं ओढून घ्यावयाची आणि मग बोरू होतां होईल तों न उचलतां अक्षरामागून अक्षर लिहीत जावयाचें, ही तिची रीति. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं, संक्षेपांचा तर सुकाळ. लिहिणाऱ्यास ती वेगाची. वाचणाऱ्यास मात्र परीक्षेची. म्हणून मोडी कागदाची बाळबोध प्रत करणारा नुसता नकलनवीस राहूंच शकत नाहीं. शब्द कोठें तोडावा हें तोच ठरवितो, ऱ्हस्व कोठें व दीर्घ कोठें हेंही तोच ठरवितो. आणि त्याचा हा निर्णय पुढें मूळ लेखकाच्या नांवावर जमा होतो.

कालगणनेचेंच पाहा. कागदावर ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ अशीं अक्षरें असतात. इसन्ने म्हणजे २, तिसैन ९०, मया १०० आणि अलफ १०००. मिळून सुहूर सन ११९२. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे १७९१ हें इसवी सन येतें. परंतु सुहूर वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळें त्या वर्षींचा पौष-माघांतील कागद १७९२ चा ठरतो. रकमांचेंही असेंच आहे. ‘४॥।’ म्हणजे पावणेपांच. त्या उभ्या रेघा विरामचिन्हें समजून जो गाळील तो बारा आण्यांवर पाणी सोडील. अशीं स्थळें जाणत्यानेंच ओलांडावीं लागतात.

मुंबई सरकारनें १९१७ सालीं कारभाराची मुख्य लिपि म्हणून मोडीच्या जागीं बाळबोध घेण्याचें ठरविलें. मोडी तत्क्षणीं मेली नाहीं. घरगुती पत्रें व सावकारी हिशेब यांत ती पुढेंही कित्येक वर्षें नांदली. पण तिला जाणणारे उत्तरोत्तर कमी होत गेले. त्याआधींच राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास आरंभ केला होता. १९१० त भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. १९३० ते १९३४ या अवधींत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. ह्या थोर पुरुषांच्या वाचनांतही पुढच्या अभ्यासकांस कोठें कोठें शंका आल्या. परंतु मोठी गोष्ट ही कीं, ज्यास शंका आली त्यास मूळ कागदाकडे जातां येत असे. छापील पुस्तकानें मोडी कागदाची जागा घेतली नाहीं. तें त्या कागदापर्यंतची वाट झालें.

लिपीखेरीज दुसरींही रूपांतरें ह्या तालुक्यांनीं पाहिलीं. जमीन एके काळीं बिघे, पांड व काठ्या यांत मोजीत. इंग्रजी मोजणीनें एकर व गुंठे आणिले. दशमान पद्धतीनें हेक्टर व आर आले. गुंठा म्हणजे १.०१ आराहून किंचित् अधिक. हा फरक शेंकडा सव्वाच्या आंतला, तरी बांधाला बांध लागलेल्या भाऊबंदांत तेवढाही पुरतो. जिल्ह्याची कथा ह्याहून गमतीची आहे. कुलाबा जिल्हा १८६९ त निराळा झाला, तरी कर्जत ठाणें जिल्ह्यांतच राहिलें. तें कुलाब्यास १८९१ त जोडलें गेलें, आणि खालापूर हा त्या काळीं कर्जतचाच पोटविभाग होता. त्यामुळें १८८३ च्या कुलाब्याच्या गॅझेटियरमध्यें जो कर्जत शोधील त्याचे श्रम वायां जातील. त्यानें १८८२ चें ठाण्याचें गॅझेटियर उघडलें पाहिजे. पुढें १९८१ च्या जानेवारीच्या पहिल्या दिवशीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. हा तपशील ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां आमच्या ‘कजर्त’कडे वळूं. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ‘अ‍ॅस्की’ या संकेतांत १२८ जागा होत्या आणि लिपींपैकीं तींत रोमन अक्षरांचीच सोय होती. भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ त प्रसिद्ध झाला. त्यांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवावयाचीं असें तत्त्व होतें. परंतु छपाईच्या धंद्यास घाई होती. मराठी जुळणीसाठीं जे फॉन्ट बाजारांत आले त्यांनीं निराळीच युक्ति केली. रोमन अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें चित्र बसविलें. कोठें अर्धा ‘ख’, कोठें नुसता दंड, कोठें वेलांटी, कोठें रफार. कळ दाबली कीं खिळा उमटावा तसें तें चित्र उमटे. कागदावर छपाई उत्तम होई. पण आपण मराठी आहों हें त्या फाईलीस ठाऊकच नसे. तिच्या लेखीं तो सारा रोमन मजकूर. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला कीं वेष उतरला, आणि आंतील रोमन गाबाळ उघडें पडलें.

१९९१ पासूनच ‘युनिकोड’ची योजना पुढें आली. तिनें जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरीच्या वांट्यास १२८ जागा आल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्याच वळणावर झाली. मोडीलाही २०१४ त त्यांत आपलें घर मिळालें. युनिकोडांत वर्ण उच्चाराच्या क्रमानें राहतात. जुन्या फॉन्टांत ते दिसण्याच्या क्रमानें राहत. ‘कि’ लिहितांना वेलांटी डोळ्यास आधीं दिसते, म्हणून जुन्या फाईलींत ती आधीं. उच्चारांत क् आधीं, म्हणून युनिकोडांत ती मागून. रफाराचें याच्या उलट. ‘कर्जत’ या शब्दांत रफार ‘ज’च्या डोक्यावर बसतो, म्हणून जुन्या फाईलींत क, ज, रफार, त असा क्रम, उच्चारांत मात्र र् आधीं आणि ज मागून. ज्या साधनानें चित्रांच्या जागीं वर्ण घातले पण रफारास त्याच्या जागीं परत नेलें नाहीं, त्यानें ‘कर्जत’चें ‘कजर्त’ केलें. आंत नवल असें कांहींच नाहीं. बोरघाटाच्या हमालानें नग सारे आणिले, फक्त उलटसुलट रचले.

ह्या कामीं ‘कमांड लाईन’, म्हणजे आज्ञापंक्ति, हें साधन उपयोगी पडतें. पडद्यावरील चित्रांवर बोट ठेवून काम करण्याऐवजीं संगणकास एका ओळींत लेखी हुकूम द्यावयाचा: अमुक फाईल घे, अमुक रूपांतून तमुक रूपांत ने, आणि अमुक नांवानें ठेव. १९६९ त अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सुरू झालेल्या ‘युनिक्स’ या प्रणालीनें ही रीति फार वाढविली. १९७३ त तिच्यांत ‘नळी’ची सोय झाली, म्हणजे एका हुकुमाचें फळ सरळ दुसऱ्या हुकुमाच्या ओंजळींत पडूं लागलें. ‘आयकॉनव्ह’ एका संकेतांतील मजकूर दुसऱ्या संकेतांत नेतो. ‘लिबरऑफिस’ला खिडकी न उघडतां नुसत्या हुकुमावर शेंकडों फाईलींचें रूप पालटावयास लावतां येतें. ‘पॅनडॉक’ हा कार्यक्रम २००६ सालीं बर्कले येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅक्फार्लेन यांनीं सुरू केला. त्याची युक्ति सुंदर आहे. दहा रूपांपैकीं कोणतेंही कोणत्याहींत न्यावयाचें तर नव्वद निरनिराळे मार्ग बांधावे लागतील; त्याऐवजीं प्रत्येक रूप प्रथम एका मधल्या रूपांत आणावयाचें आणि तेथून हव्या त्या रूपांत पाठवावयाचें. मग दहा वाटा येण्याच्या आणि दहा जाण्याच्या, एवढ्या वीसच पुरतात. मात्र जें मधल्या रूपांत मावत नाहीं तें वाटेंत गळतें, हें कर्त्यानें स्वतःच प्रांजळपणें सांगून ठेविलें आहे.

आमच्या फाईलींचा प्रश्न ह्या साधनांनीं एकदम सुटला नाहीं. ज्या मजकुराचा संकेत वरकरणी रोमनच आहे त्यास ‘आयकॉनव्ह’ काय करणार! त्या विशिष्ट फॉन्टचें कोष्टक करावें लागलें: कोणत्या रोमन चिन्हांच्या जागीं कोणता मराठी वर्ण. जीं दोन-तीन चिन्हें मिळून एक अक्षर होतें तीं आधीं बदलावयाचीं, एकेरी चिन्हें मागून. नंतर वेलांटी जोडाक्षराच्या पलीकडे न्यावयाची. शेवटीं रफार अलीकडे आणावयाचा. हा क्रम चुकला कीं सारें चुकलें. सुटलेल्या दंडांस ‘ख’शीं जोडण्यास आणखी एक हुकूम लागला. शेतकऱ्यासारख्या रोजच्या शब्दानें तर आम्हांस फारच चकविलें. त्यांतील ‘ऱ्य’ युनिकोडांत दोन निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यांस दोन्हीं सारखे, पण संगणकाच्या लेखीं निराळे. एक शोधला तर दुसरा सांपडत नाहीं. सर्व लेखांत एकच रीति ठेवावी लागली.

आज्ञापंक्तीचा खरा गुण वेग हा नव्हे असें आमचें मत झालें आहे. तिचा गुण असा कीं, हुकूम लेखी असतो. काय केलें, कोणत्या क्रमानें केलें, हें फाईलीशेजारीं जपून ठेवतां येतें. दुसऱ्या कोणास संशय आला तर त्यास मूळ फाईल घेऊन तेच हुकूम पुन्हां देतां येतात. मोडी वाचणाऱ्याच्या मनांतील निर्णय त्याच्याबरोबर गेले. येथें निर्णयांची वही राहते. पण हाच गुण उलटूं शकतो. माणूस शंभर पानें उतरून काढतांना दहा ठिकाणीं निरनिराळ्या चुका करतो. हुकूम एकच चूक साठ लेखांत सारख्या शिस्तीनें करतो, आणि ती शिस्त पाहून चूक शुद्ध वाटूं लागते.

समजा, एखाद्या उत्साही माणसानें हुकूम दिला कीं जेथें जेथें ‘कुलाबा’ असेल तेथें ‘रायगड’ घाल. क्षणांत सारें घडेल. १८९१ चा कर्जत तालुका रायगड जिल्ह्यास जोडला जाईल, जो जिल्हा त्या नांवानें आणखी नव्वद वर्षें नव्हता. आणि मुंबईतील कुलाब्याच्या दांडीवर रायगड उभा राहील! हें उदाहरण काल्पनिक आहे. पुढचें नाहीं, आणि तें आमच्याच हातून घडलें.

रूपांतरानंतर मजकुरांत जागोजाग सुटीं अक्षरें उरलीं होतीं: कोठें एकटा ‘ा’, कोठें निष्कारण ‘क’, कोठें ‘म’. हा फॉन्टचा कचरा असें समजून आम्हीं एक हुकूम लिहिला: दोन्हीं बाजूंस मोकळी जागा असलेलें एकटें अक्षर दिसेल तेथें पुसून टाक. मजकूर आरशासारखा स्वच्छ झाला. नंतर सवयीप्रमाणें दोन्हीं टोंकांचे नग मोजले. प्रत्येक लेखांत पांच-पंचवीस अक्षरें कमी भरलीं, तें अपेक्षितच होतें. एका लेखांत मात्र दोनशेंहून अधिक. तो लेख म्हणजे एका जुन्या मोडी नोंदवहीची बाळबोध प्रत होती. तींत घरोघरच्या माणसांची नांवें आणि पुढें जात: ‘क ठाकर’, ‘म ठाकर’, ‘क ठाकूर’. आम्हीं क आणि म पुसून टाकिले होते.

ह्या एका अक्षराचें मोल बाहेरच्या वाचकांस कळावें म्हणून थोडें सांगतों. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांतून कातकरी आणि ठाकर हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ठाकरांत ‘क’ आणि ‘म’ असे दोन भेद आहेत, आणि अनुसूचित जमातींच्या यादींत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशीं सारीं रूपें निरनिराळीं नोंदलेलीं आहेत. ठाकूर हें आडनांव म्हणून इतर जातींतही आहे. त्यामुळें दाखल्याच्या पडताळणींत १९५० पूर्वींच्या कागदावर आजोबा-पणजोबांची नोंद कशी आहे ह्यास फार वजन येतें. १९७६ च्या कायद्यापूर्वीं तर ह्या जमातीची मान्यता कांहीं जिल्ह्यांपुरतीच होती, आणि त्यांत ‘कुलाबा’ हें नांव होतें. शिक्षण, नोकरी, जमिनीचें संरक्षण हीं सारीं त्या दाखल्याच्या मागून येतात. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हां जुन्या वह्यांतील एकेका संक्षिप्त अक्षरासाठीं मोडी जाणणारांची किती शोधाशोध झाली, तें सर्वांच्या स्मरणांत आहेच. आणि आम्ही, इतिहासाचे अध्यापक, स्वच्छतेच्या भरांत तेंच अक्षर झाडून टाकीत होतों.

मूळ फाईलीस आम्हीं हात लाविला नव्हता आणि हुकूमही जपून ठेविले होते, म्हणून चूक अर्ध्या तासांत दुरुस्त झाली. तीच फाईल मूळच्या जागीं ठेवून बदलली असती, तर नोंदवहीची ती प्रत कायमची मुकी झाली असती. आणखी एक गोष्ट तेव्हांच उमगली. नगांची मोजदाद हरवलेला माल सांगते, उलटसुलट रचलेला सांगत नाहीं. आज सर्वत्र रूढ असलेला ‘युटीएफ-८’ हा संकेत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ त योजिला. त्यांत देवनागरी वर्णास तीन बाइट लागतात. ‘कर्जत’मध्यें क, र, हलन्त, ज, त हे पांच वर्ण, म्हणजे पंधरा बाइट. ‘कजर्त’मध्यें तेच पांच आणि तेवढेच पंधरा. मोजणारास दोन्हीं सारखे. फरक कळण्यास कर्जत ठाऊक असलेला माणूसच वाचावयास बसला पाहिजे.

तेव्हां ह्या सर्वांतून आम्हांस तीन नियम निष्पन्न झालेले दिसतात. मूळ कधींही बदलूं नये. जें करावयाचें तें प्रतीवर करावें. प्रत्येक हुकूम, त्याच्या क्रमासह व कारणासह, प्रतीच्या शेजारीं लिहून ठेवावा. आणि काम संपल्यावर नग मोजून, वर त्या प्रदेशाच्या जाणत्याकडून मजकूर वाचवून घ्यावा. हे नियम नवे नाहींत. राजवाड्यांच्या पिढीनें ते मोडी कागदांशीं पाळले. नवीन आहे तो वेग, आणि वेगाबरोबर येणारा अविचार.

त्या संग्रहाचे लेख आतां वाचनीय झाले आहेत. कर्जत पुन्हां कर्जत झालें, ‘ख’ आपल्या दंडास मिळाला, आणि दोनशेंहून अधिक नांवांपुढें क व म जेथल्या तेथें परत आले. मूळ फाईली, त्यांतील रोमन गाबाळासह, एका निराळ्या पेटींत ठेविल्या आहेत, आणि आमचा तो चुकलेला हुकूमही खोडून न टाकतां त्यांच्यासोबत ठेविला आहे. पुढें कोणी हे लेख आणखी एखाद्या रूपांत नेईल, तेव्हां घाटांत कोठें पाय घसरतो हें त्यास आधीं ठाऊक असलेलें बरें.